उलट्या कलाचे ठोके

४ फेब्रुवारी

धाकट्या,

आधी आशीर्वाद घे, मग बोलणी खा. तीन महिन्यांनी पत्र, आणि तेही पाऊण पान! तिकडे कागद काय तोळ्यावर मिळतो? मी बघ, गेल्या वर्षीच्या कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूवर लिहितेय आणि समासही सोडत नाही.

पण बातमीच अशी दिलीस की राग धरवेना. वीस मजल्यांएवढा उंच उभा बुद्ध, आणि त्याच्या मुखाचं काम तुझ्याकडे! मी आधी देवापुढे दिवा लावला. मग तुझं पत्र पुन्हा पहिल्यापासून मोठ्याने वाचलं. मोठ्याने कशासाठी, ते तुला सांगायला नको. आई पलीकडच्या खोलीत असते. सात वर्षं झाली, ती तुझं नाव घेत नाही. पण तुझं पत्र वाचायला घेतलं की तिच्या खाटेची कुरकुर थांबते.

‘डावऱ्या हाताला देवाचं मुख द्यायचं नाही,’ असं बाबा तेव्हा दुकानात चार तांबट कारागिरांच्या देखत बोलले. ‘आता येईन तो मुख घडवूनच,’ असं म्हणून तू उंबरा ओलांडलास. बाबा गेले तेव्हाही तू आला नाहीस. तेव्हा मी काही बोलले नाही, आजही बोलत नाही. पण आता तरी तो शब्द फिटला ना रे? मग ये की घरी.

तुझे भाऊजी म्हणतात, ‘मेहुणा देवाच्या पापण्या घडवतोय. माझ्या चष्म्याची दांडी तेवढी दोन वर्षं मोडून पडलीय, तिच्याकडे कोणी बघेल का?’ हसले खरे, पण संध्याकाळपर्यंत सगळ्या आळीला सांगून आले. कोपऱ्यावरच्या वाण्याने मला मोठ्या पाहुणीला करावा तसा नमस्कार केला.

आई ठणठणीत आहे. जेवते, चालते, माझ्या चुका काढते. हाक मारायची सवय अजून तीच. दुकानात तुमची सगळ्यांची ठोकाठोक चालायची, हाक ऐकू जायची नाही, म्हणून जेवायच्या वेळी ती पालथ्या पातेल्यावर पळी मारायची, आठवतं? दोन लागोपाठ आणि एक थांबून. आता माझ्यासाठी भिंतीवर काठी मारते. ठोके मात्र तेच.

मुख कसं आहे ते नीट लिही. डोळे उघडे आहेत की मिटलेले? मला रोज प्रार्थनेला बसल्यावर तेच मनात येतं.

तुझी
ताई


१९ फेब्रुवारी

ताई,

नमस्कार. बोलणी पोचली, पोटभर झाली.

डोळे अर्धे मिटलेले आहेत. खाली उभ्या माणसाकडे बघतोय असं वाटायला हवं, म्हणून पापणी फार जड ठेवलीय. जवळून बघितलं तर झोपलाय असंच वाटतं. एक पापणी म्हणजे आपल्या दुकानाचं दार आडवं केलं तर केवढं होईल, तेवढी. डाव्या डोळ्याची माझ्याकडे आहे. तांब्याचा पत्रा लाकडी ठोकळ्यावर घ्यायचा आणि मठारत जायचं. इतके बारीक ठोके की हाताला नंतर मुंग्या येतात. बाबा कळशी मठारायचे तसंच, फक्त ही कळशी कधी संपत नाही.

आमचे मोठे मिस्त्री जग फिरलेले आहेत. जिथे जिथे असे प्रचंड बुद्ध आहेत, तिथे स्वतःच्या खर्चाने जाऊन आले. एका नदीकाठी म्हणे अख्खा कडा कोरून बसलेला बुद्ध केलाय, त्याच्या पायाच्या नखावर माणसं मांडी घालून बसतील. एके ठिकाणी तो हातावर डोकं टेकून आडवा झालाय. एक समुद्राजवळ उघड्यावर बसलाय. त्याच्यावर पूर्वी देऊळ होतं, ते गेलं, तो राहिला. आणि एका डोंगरात दोन उभे होते, ते सुरुंग लावून पाडले. आता तिथे नुसते कोनाडे आहेत. मिस्त्री म्हणाले, ‘सगळ्यांत जास्त वेळ मी त्या रिकाम्या कोनाड्यांपुढे उभा राहिलो. कोण नाही, ते तिथे फार स्पष्ट दिसतं.’

२० मेला लोकांसाठी खुलं करणार आहेत. तुम्ही येण्याचा घाट घालू नका. गर्दी होईल, ऊन असेल, आणि एवढ्या खालून पापणी दिसणार ती काय. मीच सवडीने येईन.

आईला कळव. म्हणजे मोठ्याने वाच.

धाकटा


३ मार्च

धाकट्या,

मोठ्याने वाचलं. काय झालं ते ऐक.

‘खालून पापणी दिसणार ती काय,’ इथवर आले आणि भिंतीवर काठी वाजली. दोन आणि एक. मी गेले. आई म्हणाली, ‘वीस मेची गाडी किती वाजता असते?’

मी म्हटलं, ‘कुठली गाडी?’

‘मूर्ती आहे तिकडची. अजून कुठली?’

‘अगं, पाच तासांचा प्रवास आहे. डॉक्टर काय म्हणालेत?’

‘डॉक्टरला घेऊन जायचं असेल तर त्याचं तिकीट तू काढ.’

सात वर्षांत पहिल्यांदा, धाकट्या. तुझं नाव घेतलं नाही, पण तुझ्याकडे यायचं म्हणतेय. रात्रीच्या जेवणाला स्वतः ताट वाढून घेतलं. वयाची अठ्ठ्याहत्तर झाली. पुढच्या वर्षी नेऊ असं म्हणायला माझी जीभ वळत नाही.

आणखी एक. मी निघाले तर मागून म्हणाली, ‘त्याला विचार, पापणीचे ठोके कुठल्या कलाने दिलेत.’ मला त्यातलं काय कळणार? दहावी झाले ती हिशेबाच्या वह्या लिहायला, पत्रा ठोकायला नव्हे. तिने विचारलं तसं लिहिते. उत्तर लगेच पाठव, ती वाट बघतेय. वाट बघत नसल्यासारखं करतेय, म्हणजे फारच बघतेय.

ताई


१० एप्रिल

ताई,

महिनाभर उत्तर दिलं नाही. तीन पत्रं लिहिली आणि फाडली. हे फाडायच्या आत पेटीत टाकणार आहे. हे मोठ्याने वाचू नकोस.

मी मुखावर नाही. कधीच नव्हतो. पापणीचं जे लिहिलं, ते शेजारच्या कारागिराचं काम बघून लिहिलं.

आईचा प्रश्न बरोबर जागी लागला. उजव्या हाताचा ठोका एका कलाने, म्हणजे एका बाजूला झुकून पडतो, डाव्या हाताचा उलट्या. कळशी एकट्याची असते, तिथे चालून जातं. पण मुखावर तीस जणांचे पत्रे जोडायचे. सगळ्यांचे ठोके एका कलाचे असले तरच ऊन एकसारखं पसरतं. माझा पत्रा मध्ये लावला तर गालावर ठिगळ दिसेल. मोठ्या मिस्त्रींनी पहिल्याच आठवड्यात माझा एक पत्रा उन्हात धरून दाखवला. रागावले नाहीत. बाबांनी जे ओरडून सांगितलं होतं, तेच त्यांनी हळू आवाजात सांगितलं. बाबा खरं बोलले होते, ताई. हे मला पाच वर्षांनी परक्या माणसाकडून कळलं.

मला उजवा पाय दिला. जिथे कोणाच्या पत्र्याशी माझा पत्रा जुळवायला नको, असा अंगठा पूर्ण माझा. दोन वर्षं मी एक अंगठा करतोय. नख तुझ्या शिवणयंत्राच्या टेबलाएवढं आहे.

घरातून मुखाचं बोलून निघालो आणि पायाशी येऊन बसलो. आईला हे कसं दाखवू? तिला आणू नकोस. काहीही सांग. रस्ता बंद आहे म्हणून सांग.

धाकटा


१६ एप्रिल

धाकट्या,

पत्र वाचून मी दोन दिवस तुझ्याशी मनातही बोलले नाही. आळीत मी काय काय सांगून बसलेय! वाणी नमस्कार करतो तेव्हा मला दुकानाच्या मागच्या बाजूने जावंसं वाटतं. देवापुढे तुझ्या पापणीसाठी दिवे लावले मी. त्या दिव्यांचं आता काय करू?

तिसऱ्या दिवशी प्रार्थनेला बसले आणि स्वतःचीच लाज वाटली. कारण तुला जे बोलायचं, ते मलाही लागू आहे.

आई ठणठणीत नाही. मी दर पत्रात लिहिलं ते खोटं आहे. दोन वर्षांपूर्वी मोरीत पडली, मणका खचला. आता ती कंबरेतून काटकोनात वाकलीय. मान वर उचलत नाही. चालते, पण तिला पुढची अडीच पावलं जमीन दिसते, त्यापलीकडे काही नाही. मी मोजलंय. माझ्याशी बोलायचं असेल तर मी जमिनीवर बसते, तेव्हा तिला माझं तोंड दिसतं. गेल्या दोन वर्षांत तिने आभाळ बघितलेलं नाही.

तुला का नाही कळवलं? ती मोरी धुऊन पुसायची राहिली होती, आणि ते काम माझं होतं. झालं, लिहिलं एकदाचं.

तर आता बघ. तू मुखाची थाप मारलीस, आणि जिला मारलीस तिला मुख दिसणारच नाही. मी तिला त्या पायथ्याशी उभी करून ‘ती बघ पापणी’ म्हणाले, तरी ती खालीच बघत राहणार. ‘मग खोटंच चालू राहू दे की,’ हा विचार काल माझ्या मनात आला आणि मी चटकन उठून भांडी घासायला घेतली. असल्या विचाराला रिकामं बसून चालत नाही.

तिला मी अजून काही सांगितलेलं नाही. ‘कलाचं उत्तर आलं का?’ असं एकदाच विचारलं. मी ‘नाही’ म्हटलं. ‘बरं,’ म्हणाली आणि कूस बदलली.

तिकिटं काढलीत. वीस मेला अकरा वाजता तू पायाशी उभा राहा. तुझं तू सांग.

ताई


२८ एप्रिल

ताई,

मोरीचं मनातून काढून टाक. तुझ्या घरात ती दोन वर्षं जगतेय ती तुझ्या हाताने. मी कुठे होतो?

मी खूप विचार केला. तिला दिसणारच नसेल, तर तिला मुखच सांग. त्यात कोणाचं काही जात नाही. तिने बाबांच्या आणि माझ्यामध्ये उभं राहून इतकी वर्षं काढली, तिला एक तरी दिवस सुखाचा जाऊ दे. खोट्याचं जे काही असेल ते माझ्या नावावर लिही.

मला पायाशी उभं राहता येणार नाही. सबब नाही, काम आहे. पहिल्या उन्हाळ्यात तांबं तापून पसरतं आणि आतले बोल्ट सैल होतात. मूर्ती आतून पोकळ आहे, टाचेला एक लहान दार आहे. त्या दिवशी मला आत राहून बोल्ट आवळायचेत. खरं सांगायचं तर ही पाळी मी मागून घेतली.

तिला उन्हात फार वेळ उभं करू नकोस. पायथ्याच्या डाव्या बाजूला पाण्याचे नळ आहेत.

धाकटा


२४ मे

धाकट्या,

आम्ही त्याच रात्री सुखरूप पोचलो. चार तास तिथे होतो आणि तू आला नाहीस, त्याबद्दल शेवटी लिहीन. आधी घडलं ते क्रमाने लिहू दे, नाहीतर माझ्याच्याने लिहून व्हायचं नाही.

गाडीत आईची पिशवी उचलली तर हात खाली गेला. म्हटलं, ‘आई, दगड भरलेस का?’

‘तुला काय करायचंय? मी धरते.’

उतरल्यावर सगळे प्रवासी एकदम माना वर करून थांबले. तुझ्या भाऊजींची टोपी मागे पडली तरी त्यांना कळलं नाही. मीही बघितलं. काय सांगू, धाकट्या! एवढं मोठं तोंड, आणि एवढी कमी बडबड त्याच्यावर. मला रडू आलं. मग आईकडे बघितलं. ती आपली जमिनीकडे बघत, काठी टेकत, सगळ्यांच्या मधून पुढे चालली होती. लोक वर बघत होते म्हणून तिला वाट मिळत होती.

मी ठरवून आले होते, की तुझं ऐकायचं. वाटेत शब्दही जुळवले होते. जवळ गेले आणि तोंड उघडलं, ‘आई, वर डाव्या बाजूला—’

‘मला वर काय आहे ते सांगू नकोस,’ ती म्हणाली. ‘माझ्या नजरेला येतं तेवढंच मी बघणार.’

तिच्या नजरेला काय येतं, ते मी तुला लिहिलं होतं. अडीच पावलं. ती चालत राहिली आणि त्या अडीच पावलांत तुझा अंगठा आला.

पायथा ठेंगणा आहे, लोकांनी पायांना हात लावावा म्हणून. सगळी ताठ माणसं आधी वाकत होती, मग हात लावत होती. तिला वाकावं लागलं नाही. तिने काठी माझ्याकडे दिली, दोन्ही तळवे नखावर ठेवले आणि हळूहळू फिरवले. काठाकडून आत. मग पुन्हा काठाकडून आत. पीठ चाळल्यावर खडा राहिलाय का बघावं, तसं. मागची रांग चुळबुळायला लागली. मी म्हटलं, ‘आई, चल.’

‘उलट्या कलाचे आहेत,’ ती म्हणाली.

 मी सांगायला लागले, ‘आई, तो मुखावर नव्हता. तो मला—’

‘ठाऊक आहे. डावऱ्याला पापणीवर कोण घेईल? तांबटाच्या घरात पन्नास वर्षं काढलीत मी. म्हणून तर कल विचारला. उत्तर आलं नाही, तेव्हाच कळलं. मग म्हटलं, मुखावर नाही तर कुठे आहे, ते शोधून यावं. इतक्या लवकर सापडेल असं वाटलं नव्हतं.’

मग थोड्या वेळाने, माझ्याशी नाही, त्या नखाशीच बोलल्यासारखी म्हणाली, ‘चार वर्षांचा होता तेव्हा फडक्याने हात बांधून ठेवायचे मी त्याचा. उजव्याने जेव म्हणून. रडायचा, तरी सोडायचे नाही. किती बारीक काम केलंय बघ त्या हाताने.’

हे मी कधी ऐकलं नव्हतं, धाकट्या. तुला आठवतं का, ते मला विचारायचं नाही.

मग तिने पिशवीत हात घातला. आत बाबांची लाकडी हातोडी होती, गुळगुळीत झालेली, मुठीशी चामडं गुंडाळलेली. मी धरायच्या आत तिने ती अंगठ्यावर मारली. दोन लागोपाठ. आणि थांबून एक.

मी शरमेने मेले. देवाच्या पायावर हातोडी! रखवालदार धावत आला. ‘आजी, अहो, काय चाललंय? पूजेची जागा आहे!’

‘जेवायला हाक मारतेय,’ आई म्हणाली.

आणि तेवढ्यात आतून ठोके आले. बारीक, लांबून आल्यासारखे. दोन, आणि एक.

मी रखवालदाराकडे बघितलं, त्याने माझ्याकडे. तो म्हणाला, ‘काही नाही, बाई. ऊन लागलं की तांबं तापतं, तसा आवाज येतो. आम्हाला सांगून ठेवलंय.’

आई म्हणाली, ‘तापलेला पत्रा मोजून वाजत नाही, बाबा.’

तिथून मग ती बाजूला येऊन नळाजवळ बसली. तू येशील म्हणून मी चार तास वाट बघितली, तिने बघितली नाही. डबा उघडला आणि नीट जेवली. मी म्हटलं, ‘आतच आहे तो, रखवालदाराला सांगून बोलावते.’ तर म्हणाली, ‘नको. कामावरच्या माणसाला ओढून आणू नये. त्याने ऐकलंय.’ हातोडी तरी ठेवून जाऊ म्हटलं, तेही नको. ‘ती हातात द्यायची वस्तू आहे. निरोपाने पाठवायची नाही.’

आता ती खाटेखाली ठेवलीय. आणि मी वाण्याला जाऊन सांगून आले, की पापणी नव्हे, अंगठा. तो म्हणाला, ‘मग आम्हाला हात तरी लावता येईल.’

एवढंच.  पण ताट वाढताना आज आई दोनदा म्हणाली, एक जास्त घे.

ताई


३० मे

ताई,

तू क्रमाने लिहिलंस, तसं मलाही जमतं का बघतो.

आत अंधार असतो. लोखंडी सांगाडा आणि त्यावर बाहेरून बसवलेले पत्रे. आतल्या बाजूला प्रत्येक ठोका खड्ड्याऐवजी फुगवटा होऊन दिसतो. मी अंगठ्याच्या पोकळीत उकिडवा बसलो होतो. बाहेर हजारो पावलं होती. तुम्ही त्यांतली कुठली ते कळत नव्हतं, आणि खरं सांगतो, कळू नये म्हणूनच मी आत बसलो होतो.

मग माझ्या कपाळासमोर, वीतभर अंतरावर, ते ठोके पडले. आपल्या दुकानात पडायचे तसेच. माझ्या हातातला पाना खाली पडला.

मी उत्तर दिलं तेव्हा विचार केला नव्हता. नंतर ऐकत राहिलो. तिचा ठोका अंगठ्यात थांबला नाही, ताई. पायातून वर गेला, गुडघ्याजवळ घुमला, मग छातीपाशी, मग अगदी वर, इतका बारीक होत गेला की शेवटचा ऐकला की मनाने धरला ते सांगता येत नाही. मी वर बघितलं. आतून मुखाला डोळेही नसतात आणि पापण्याही नसतात. एक मोठा खोलगट अंधार असतो, मस्तकामागे ठेवलेल्या खिडकीतून थोडा उजेड येतो तेवढाच. दोन वर्षं मी त्या मुखाचा राग करत होतो. त्याच्यापर्यंत आपल्या घरचं पहिलं काही पोचलं ते आईच्या हातचं.

दाराशी आलो तेव्हा तुम्ही नळाजवळ बसला होतात. मी तिला बघितलं. तू लिहिलं होतंस, तरी बघितलं तेव्हा पाय उचलेना. माझ्याकडे येण्यासाठी ती तशी पाच तास बसून आली, आणि मला तिच्यापर्यंत वीस पावलं टाकता आली नाहीत. हे तुझ्यापासून लपवायचं नाही.

फडक्याचं मला आठवतं. निळं होतं. तिला हे सांगू नकोस. किंवा मीच सांगेन, खाली बसून, तिला माझं तोंड दिसेल असा.

मिस्त्रींनी आठ दिवसांची रजा दिलीय. रविवारी दुपारी पोचतो. मला घ्यायला कोणी गाडीवर येऊ नका. आळीच्या तोंडाशी येईन तेव्हा आईला म्हणावं, पातेलं पालथं घाल.

धाकटा